शेवटचे प्रकरण आणि मणगणे

आमच्या घरात वाचणारी माणसे दोन, आणि दोघांनीही आयुष्यभर एकमेकांच्या वाचण्याला नावे ठेवली. एक मी. दुसरी माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला मी वयनी म्हणायचो. मी हातात तांबडी पेन्सिल घेऊन वाचायचो. ती आदोळीवर, म्हणजे खोबरे खवायच्या विळीवर बसून, नारळ कातता कातता वाचायची. पुस्तक समोरच्या पाटावर उघडे, आणि पाने उडू नयेत म्हणून वर एक करवंटी ठेवलेली. गावच्या वाचनालयातल्या निम्म्या कादंबऱ्यांना अजून खोबऱ्याचा वास येतो, तो तिच्यामुळे.

घरातला तिसरा माणूस म्हणजे माझा दादा. तुयेच्या एका कारखान्यात त्याने पंचवीस वर्षे काढली आणि तेवढ्या काळात एकही पुस्तक उघडले नाही. “पेपर पुरे माका,” असे तो म्हणायचा. पेपरातही तो कोण गेले तेवढेच बघायचा.

वयनी मुळगावची. लग्न होऊन आमच्याकडे पेडण्याला आली तेव्हा मी नववीत होतो. मला मानाने भावजी म्हणायची आणि त्याच वाक्यात अरे-तुरे करायची. आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिने मला विचारले, “भावजी, घरात वाचूक काय आसा रे?” घरात एक पंचांग होते आणि माझे भूगोलाचे पुस्तक होते. तिने दोन्ही वाचून संपवली. आठ दिवसांनी वाढता वाढता ती मला आफ्रिकेतल्या नद्या विचारू लागली, आणि मला एक चुकली की आमटी वाढताना डाव हातातच धरून थांबायची. वार्षिक परीक्षेत मला भूगोलात वर्गात सर्वाधिक गुण मिळाले, ते बहुतेक भुकेपोटी.

पुढे मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवू लागलो, शनिवारी दुपारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे असा क्रम लागला, लग्न राहून गेले आणि मी कादंबऱ्या लिहू लागलो. निवृत्त झाल्यावर कायमचा घरी आलो. तेव्हापासून एक प्रकाशक मला इतरांची हस्तलिखिते तपासायला पाठवतो. हे काम मला आवडते, कारण त्यात शहाणपणा दाखवायला मिळतो. एका हस्तलिखितात नायकाची आई चाळिसाव्या पानावर वारते आणि एकशे बाराव्या पानावर सगळ्यांना चहा करून देते. असले काही सापडले की माझा दिवस चांगला जायचा. मी वयनीला हाक मारून दाखवायचो. ती म्हणायची, “मगे? चाय बरी केली ना तिना?”

या कामाचा तोटा असा की पेन्सिलीशिवाय वाचणे मला जमेनासे झाले. औषधाच्या बाटलीवरची सूचना, देवळाच्या जत्रेचे हस्तपत्रक, विजेचे बिल, कशालाही माझी तांबडी रेघ लागायची. एकदा घरी आलेली लग्नपत्रिका मी सवयीने दुरुस्त केली आणि टेबलावर तशीच ठेवली. संध्याकाळी नवऱ्या मुलाचे वडील पुन्हा आमंत्रण करायला आले तेव्हा त्यांनी ती बघितली. त्यांच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह केले होते. वयनीने प्रसंग सावरला. “कुंकवाचो हात लागलो,” असे तिने त्यांना सांगितले. ते गेल्यावर मात्र मला म्हणाली, “भावजी, तू मेलंस काय स्वर्गाच्या दारावरची पाटीय सुधारतलंस.”

तिच्या वाचण्याचा दोष माझ्या दोषापेक्षा मोठा होता, असे माझे मत. ती शेवट आधी वाचायची. वाचनालयात जायची, कपाटातून कादंबरी काढायची, तिथेच उभ्या उभ्या शेवटचे पान वाचायची, आणि ते मनाला आले तरच पुस्तक पिशवीत घालायची. मी तिला म्हटले, लेखक बिचारा तीनशे पाने शेवट लपवायला झटतो, आणि तू मागच्या दाराने आत शिरतेस. ती म्हणाली, “शेवट बरो आसलो मगे मधी कितक्याय रडूक लागला तरी सोसता.”

दुसऱ्यांच्या पुस्तकांचे तिने काहीही करावे. पण माझ्या हस्तलिखितांना मी तसे होऊ देणार नव्हतो. म्हणून माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळीच एक नेम घातला. माझ्या खोलीत एक आर्मार आहे, म्हणजे जुने लाकडी कपाट. त्याच्या खणात मी शेवटचे प्रकरण कुलूप लावून ठेवायचो आणि चावी चष्म्याच्या डबीत टाकायचो. बाकीची पाने वयनीच्या हवाली. ती वाचून झाली की तिने शेवट काय असेल याचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी घडी करून स्वयंपाकघरातल्या फळीवर सोलांच्या बरणीशेजारी असलेल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची, आणि मग मी खण उघडायचा. तिने शेवट वाचला की दादाच्या समोर डबा उघडायचा. अंदाज चुकला तर तिने मणगणे करायचे. अंदाज बरोबर आला तर मी शेवट बदलायचा. हे शेवटचे कलम माझेच. आदोळीवर बसून ओळखता येतो तो शेवटच नव्हे, असे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो.

आमच्या वयनीचे मणगणे ज्याने खाल्ले नाही त्याला मी काय सांगू? चण्याची डाळ, थोडा साबुदाणा, गूळ, वेलची आणि नारळाचा दाट रस, एवढेच त्यात असते. सगळ्या घरांत करतात. पण तिच्या हातचे खाताना दादा बोलायचा थांबे, आणि ही गोष्ट आमच्या घरात दुर्मिळ होती.

माझ्या सहा कादंबऱ्या झाल्या. चार वेळा तिचा अंदाज चुकला, तोही असा की हसू आवरू नये. एका चिठ्ठीत लिहिले होते, “नायक सर्कशीत जातो.” माझ्या त्या कादंबरीत एक पोस्टमास्तर होता आणि सर्कस कुठेच नव्हती. दुसऱ्या चिठ्ठीत, “तळ्यातून मगर निघते आणि मामलेदाराला नेते.” मी त्या चिठ्ठ्या मोठ्याने, नाट्य करून वाचायचो. दादा मांडीवर थाप मारायचा. वयनी मान खाली घालून डाळ निवडायला बसायची. मला तिची थोडी कीवही यायची. एवढी वर्षे वाचते आहे, पण कथानकाची जाण म्हणून नाही, असे मला वाटायचे.

दोन वेळा मात्र अंदाज बरोबर आला. अगदी बारीक तपशिलासकट बरोबर. तेव्हा मी फुगून बसलो, महिनाभर तिच्याशी जेवढ्यास तेवढे बोललो, आणि शेवट नव्याने लिहिला. त्या दोन पुस्तकांचे शेवट लोकांना फार आवडले. अजून कोणी भेटले तर त्यांच्याविषयीच बोलतात. त्याचे श्रेय मी माझ्या चिकाटीला देत आलो होतो.

सातवी कादंबरी एका म्हातारीची. दर शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या बसने ती अबोलीच्या वळेसरांची, म्हणजे गजऱ्यांची, टोपली घेऊन म्हापशाच्या बाजाराला जाते. तिचे तरुणपण, तिचा संसार, तिच्या शेजारणी, तिची भांडणे. लिहीत होतो तेव्हाच वयनी आजारी पडली. आजार असा होता की डॉक्टर आमच्याशी बोलताना तिच्याकडे बघत नसत. ती अंथरुणावरून वाचत होती. करवंटीची जागा आता औषधाच्या डब्याने घेतली. दिवसाला दहा पाने, मग सहा, मग दोन. मी शेवटचे प्रकरण त्याच दिवसांत लिहिले आणि नेमाप्रमाणे खणात ठेवून कुलूप लावले.

शेवट मला फार साधला होता. एका शुक्रवारी पहाटे म्हातारी झोपेतच जाते. रात्री भरून ठेवलेली टोपली दारात आहे. बस येते, दोन मिनिटे थांबते आणि निघून जाते. बस.

एके दिवशी सकाळी वयनी मला म्हणाली, “भावजी, अंदाज डब्यात घातलंय.”

मी म्हटले, “अजून वीस पाने राहिली आहेत तुझी.”

“वीस पानांत काय बदलतला? तू थोडोच बदलतलंस?”

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला नेमाचे वगैरे काही सुचेना. मी म्हटले, “वयनी, शेवट सांगू? नाहीतर वाचून दाखवतो. आणतो काढून.”

ती हसली. “नाका. नेम म्हणजे नेम.”

ते हसणे मी तेव्हा जसे समजलो तसे पुढे कितीतरी दिवस मनात घेऊन हिंडलो. आठवड्याने ती गेली. वीस पाने राहिली, आणि शेवटही राहिला.

दिवसकार्य झाले, पाहुणे परतले. वाचनालयाच्या बाई येऊन वयनीने नेलेले शेवटचे पुस्तक घेऊन गेल्या. जाताना पुस्तकाचा वास घेतला आणि डोळ्याला पदर लावला. प्रकाशकाकडच्या संपादिकाबाईंचे फोन येऊ लागले. बाई समजूतदार. आधी महिनाभर काहीच बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “सर, बाकी सगळे पुस्तक जुळवून तयार आहे. फक्त शेवटचे प्रकरण.” मी म्हटले, पाठवतो. पुढच्या फोनला पण म्हटले, पाठवतो.

अडचण डब्याची होती. चिठ्ठी उघडल्याशिवाय प्रकरण पाठवायचे तर नेम मोडतो. चिठ्ठी उघडायची तर दोन्हीकडून पंचाईत. अंदाज चुकलेला निघाला तर मणगणे करायला कोण आहे? आणि बरोबर निघाला तर शेवट बदलायचा, आणि बदललेला वाचायला कोण आहे? पण खरे सांगायचे तर मला सलत होते ते वेगळेच. जी बाई शेवट वाचल्याशिवाय कधी पुस्तक घरात आणत नव्हती, तिला माझ्या पुस्तकाचा शेवट कळला नाही. माझ्या एका पोरकट कलमापायी. मी रोज सकाळी स्वयंपाकघरात चहा करायला जायचो, फळीवरच्या डब्याकडे बघायचो, आणि चहा घेऊन बाहेर यायचो.

या काळात मला पेन्सिल घेऊनही वाचता येईना. आलेल्या हस्तलिखितांत आया मेल्या आणि परत चहा करू लागल्या तर मी त्यांना करू देत होतो.

एके दिवशी दुपारी जेवणे झाली. दादा जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसून सुपारी कातरत होता. वयनी गेल्यापासून तो माझ्याशी आधीपेक्षा जास्त बोलायचा, कारण दुसरे कोणी नव्हते.

“चिठी उघडलंस?” त्याने विचारले.

“नाही.”

“कित्याक?”

मी त्याला सांगितले. एवढी वर्षे ज्याच्याशी मी पुस्तकाविषयी एक वाक्य बोललो नव्हतो त्याला सगळे सांगितले. नेम, वीस पाने, तिचे ते नको म्हणणे. म्हटले, “दादा, तिला शेवट कळलाच नाही. न कळताच गेली.”

दादाचा अडकित्ता थांबला. “कोण म्हणता?”

“म्हणजे?”

“तिका शेवट म्हायत होतो. मी वाचून दाखयलंय.”

मला वाटले, दुःखाने याच्या डोक्यात काहीतरी झाले आहे. “तू? तू वाचलेस?”

“आठ पानां. तू औषधां आणूक गेलंस तेव्हा. घसो सुकलो माझो. तुझा अक्षर म्हणजे मुंगळे.”

“पण खण कुलपात होता. चावी माझ्या चष्म्याच्या डबीत होती.”

दादा उठला. स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाच्या पेटीची चावी घेऊन आला. माझ्या खोलीत गेला, आर्मारच्या खणाला ती चावी लावली आणि फिरवली. खण उघडला. मग त्याने तीच चावी माझ्या कपड्यांच्या कपाटाला लावली. तेही उघडले. मग परत येऊन सुपारीला बसला.

“बापायन घर बांधला तेव्हा सगळी कुलपां म्हापशाच्या बाजारात एकाच माणसाकडसून घेतल्यान. सगळ्यांका एकच चावी. घरातल्या मांजराकय म्हायत आसा.”

मी त्या घरात जन्मलो. त्या घरात मी सात कादंबऱ्यांचे शेवट लपवले. लोकांच्या हस्तलिखितांतली प्रत्येक भोक मी शोधून काढत होतो, आणि माझ्या स्वतःच्या कथानकात हे एवढे भगदाड होते.

“फक्त ह्याच खेपेला?” मी विचारले. उत्तर मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होते.

“पयल्या पुस्तकापासून. तू सोमवारी डिचोलीक गेलंस काय ती खण उघडी. माका वाचून दाखय. माका कळना नाय, पण बसान ऐकी. आयकल्यार मणगणां गावता.”

“अरे पण तिचे अंदाज चुकायचे! सर्कस काय, मगर काय!”

दादा हसू लागला. वयनी गेल्यानंतर तो पहिल्यांदाच हसला. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले. “ती मगर! अरे, ती मगर आम्ही दोघांनी मिळान काढली. तिना आधी वाग लिहिल्यान. मी म्हटलंय, तळा आसा तर मगर घाल. दोन दिस हसलो आम्ही. तू वाचूक लागलंस तेव्हा ती मान खाली घाली, ती हसू आवरूक घाली. तुका दिसणा नाय?”

“आणि दोनदा बरोबर आला तो?”

आता दादा थोडा गंभीर झाला. सुपारीचा तुकडा तोंडात टाकला, चघळला. “तेव्हा तिका शेवट आवडाक नाय. ती म्हणाली, भावजीक तोंडार सांगलां तर तो महिनोभर बोलाचो नाय आणि शेवट आसा तसोच ठेवतलो. नेमान सांगलां तर महिनोभर बोलाचो नाय, पण शेवट बदलतलो.”

बाहेर शेजाऱ्यांचा कोंबडा कारण नसताना आरवत होता. चार पुस्तके तिने पास केली होती आणि मला मणगणे खायला घालून पाठ थोपटली होती. दोन पुस्तके परत केली होती. निवृत्त झाल्यापासून मी दुसऱ्यांचे संपादन करत होतो, आणि माझ्या संपादिकेला मी कथानकाची जाण नसलेली बाई समजत होतो.

मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली. म्हणजे डब्यातली चिठ्ठी हा अंदाज नव्हता. तो तिचा अभिप्राय होता. त्यात मगर असेल तर शेवट चांगला. मगर नसेल तर.

मी उठलो, फळीवरून डबा काढला आणि दादासमोर ठेवला. माझ्या आयुष्यात मी कधी मगरीची एवढी वाट बघितली नव्हती. दादा म्हणाला, “उघड.” मी उघडला. सोलांचा आंबट वास आला. चिठ्ठी औषधाच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेली होती, अक्षर हललेले, पण प्रत्येक काना मात्रा जागेवर.

“म्हातारी शुक्रवारी पहाटे मरते. टोपली दारात राहते. बस निघून जाते.”

आणि खाली, थोडी जागा सोडून: “भावजी, ही तुझी चौथी बाई.”

मी मनात मोजले. पोस्टमास्तराची बायको. मामलेदाराची बहीण. शाळेवरच्या कादंबरीतली ती बाई. आणि ही म्हातारी. खरेच चार. पुस्तक संपवणे जमेनासे झाले की मी एक बाई मारत आलो होतो.

“काय लिहिल्यान?” दादाने विचारले. मी वाचून दाखवले.

“म्हणजे आवडाक नाय तिका,” तो म्हणाला.

मला राग आला. दुःखातही लेखकाला राग येतो, ही लाजेची गोष्ट आहे, पण आला तो आला. “का पण? किती संयमाने लिहिला आहे शेवट. एक शब्द जास्त नाही त्यात.”

“माकाय आवडाक नाय.”

“तुला कादंबरीतले काय कळते?”

“कादंबरीतला नाय कळना. बशीतला कळता.” दादाने अडकित्ता खाली ठेवला. “पंचवीस वर्सां बशीन गेलंय मी कामाक. रोजचा माणूस थांब्यार नाय दिसला तर बस सुटणा नाय. ड्रायवर हॉर्न मारता. कंडक्टर उतरता. शेजारीण ओरडान सांगता, येता रे येता. आणि म्हापशाक जाणारी फुलांची बाय? तिका सोडून बस गेली तर आतल्या बायो ड्रायवराक जित्तो ठेवच्यो नाय. दोन मिंटां थांबान सुटणारी बस फकत तुझ्या कादंबरीत.”

“वयनी काय म्हणाली हे ऐकून?”

“ती म्हणाली, ती ओळ परत वाच. मी परत वाचली. मगे म्हणाली, भावजीक पुस्तकातली बस म्हायत आसा.”

मी पुढच्या शुक्रवारी पहाटे त्या बसने म्हापशाला गेलो. आयुष्यभर मी डिचोलीच्या बसने हिंडलो होतो, खिडकीपाशी बसून, मांडीवर वह्या घेऊन. ही बस वेगळी होती. भाजीच्या टोपल्या, केळीचे घड, माडाच्या गुळाच्या ढेपा, आणि सगळ्यांवर मात करणारा फुलांचा वास. तिसऱ्या थांब्यावर कोणी नव्हते. बस थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. परत दिला. कंडक्टर खाली उतरला आणि पाणंदीतून एका घराकडे चालू लागला. तो अंगणापर्यंत पोचतो न पोचतो तोच आतून एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन निघाली.

“आजये, सगळी बस तुझ्यासाठी थांबली हा!”

“थांबांदी! फुलां काय तुझो बापूस गुंथता?”

“टोपली मागे घाल गे.”

“मागे तुझी आवस बसांदी. माझी फुलां मुरडतली.” आणि टोपली तिने माझ्या पायांवर ठेवली, मला विचारल्याशिवाय. म्हापशापर्यंत मी पाय हलवला नाही. त्या दिवशी पेन्सिल घरीच राहिली होती, हे मला परत येताना कळले.

नव्या शेवटात म्हातारी आजारी पडते. तीन शुक्रवार ती जात नाही. तिन्ही शुक्रवारी बस थांबते, हॉर्न वाजवते, कंडक्टर अंगणापर्यंत येऊन जातो. चौथ्या शुक्रवारी हॉर्न वाजतो आणि आतून तिचा आवाज येतो. ती कंडक्टरला शिव्या घालत असते. तिथे पुस्तक संपते. ती बसमध्ये चढते की नाही ते मी लिहिले नाही, पण ड्रायव्हर इंजिन बंद करतो एवढे लिहिले.

लिहून झाल्यावर वाचून दाखवायला दादाच होता. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. मधेच मला वाटले, झोपला. मी थांबलो.

“मगे?” तो म्हणाला.

“संपले.”

“म्हणजे ती मरणा नाय.”

“नाही.”

दादाने डोळे उघडले. बोटांवर काहीतरी हिशेब केला. “तिना लिहिल्यान, म्हातारी मरता. आता मरणा नाय. म्हणजे तिचो अंदाज चुकलो.”

“अरे, ते तसे नसते. तिचा बरोबर होता म्हणून तर बदलला.”

“ता माका सांगू नको. चिठीत एक आसा, पुस्तकात दुसरा आसा. अंदाज चुकलो. नेम म्हणजे नेम.” तो उठला. “नारळ खंय आसा?”

आम्ही दोघांनी मणगणे केले. दादा आदोळीवर बसला, आणि दुसऱ्याच करवंटीला त्याने बोट कापून घेतले. मी डाळ शिजवली, ती अर्धी विरघळली आणि अर्धी कच्ची राहिली. गूळ किती घालायचा यावर आमचे भांडण झाले, कारण दोघांनीही एवढी वर्षे फक्त खाल्ले होते, बघितले कोणीच नव्हते. दाट रस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नसते, हे आम्हाला उकळी आल्यावर आठवले. रस फुटला. आम्ही ते तसेच वाट्यांत घेतले आणि स्वयंपाकघरातच बसून खाल्ले. दादा खाताना गप्प राहिला नाही. सबंध वेळ बोलत होता. डाळ अशी नसते, साबुदाणा आधी भिजवायचा असतो, ती वेलची कुटून घालायची, तू अख्खी घातलीस.

दुसरी वाटी घेताना तो म्हणाला, “आता नवीन लिहितलंस?”

“बघू.”

“शेवट खंय ठेवतलंस?”

मी म्हटले, “आता लपवायचे कुणापासून? टेबलावरच राहील.”

दादाने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा काही नजरेने बघितले, जणू मी त्याचे काही चोरले होते.

“खणात घाल,” तो म्हणाला. “आणि कुलूप लाव. उघड्यावर पडलेला कोण वाचतलो?”